वाचकांचे प्रश्न : भोक पडले, पण पिल्लू बाहेर येईना

प्रश्न : आमच्या मराठी प्राथमिक शाळेत चौथीच्या मुलांनी घरून आणलेली दहा गावठी अंडी विजेच्या उबवणी पेटीत ठेवली होती. एकविसाव्या दिवशी चार पिल्ले निघाली. पाचव्या अंड्याला सकाळी भोक पडले, आतून चिवचिव ऐकू येत होती. पण दुपारपर्यंत काहीच पुढे सरकेना, म्हणून मुलांच्या आग्रहाखातर मी कवच सोलले. रक्त आले आणि संध्याकाळी पिल्लू दगावले. माझे काय चुकले?
– एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : बाई, घाई झाली. पहिले भोक पडल्यापासून पिल्लू पूर्ण बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास लागणे नेहमीचेच आहे. या वेळात ते निपचित पडल्यासारखे दिसले, तरी फुप्फुसांनी श्वास घेण्याची सवय करत असते, कवचाच्या आतल्या पापुद्र्यातल्या शिरांमधले रक्त अंगात ओढून घेत असते आणि उरलासुरला बलक नाभीवाटे पोटात घेत असते. ते काम पुरे होण्याआधी कवच सोलले की शिरा तुटतात. तुम्हाला दिसले ते रक्त त्यांचेच.

दुसरी शंका मला पेटीतल्या ओलीची आणि झाकणाची येते. पावसाळ्यात खानापूरकडे भिंतींनाही ओल येते, तेव्हा पेटीत वेगळे पाणी कशाला, असे कोणालाही वाटेल. परंतु तीच दमट हवा पेटीत ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता (हवेत मावू शकेल तेवढ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात किती आहे ते प्रमाण) निम्म्याच्याही खाली उतरते, आणि शेवटच्या तीन दिवसांत तर ती ६५ ते ७० टक्के हवी असते. पिल्ले पाहायला मुलांनी वरचेवर झाकण उघडले असेल, तर उरलेली ओलही गेली आणि पापुद्रा सुकून पिल्लाच्या अंगाला चिकटला, असे होऊ शकते. अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत आणि पेटीही उघडायची नाही. निघालेली पिल्ले भुकेली राहतील ही भीती नको. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस सहज काढतात.

न फुटलेल्या पाच अंड्यांबद्दल तुम्ही लिहिलेले नाही. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरली असती, तर शिरांचे जाळे नसलेली अंडी तेव्हाच बाजूला काढता आली असती.

तुमच्याच मुलांच्या आज्यांना विचारा : बुट्टीत बसलेल्या खुडूक कोंबडीला एकविसाव्या दिवशी त्या उठवत नाहीत, फक्त कान देऊन ऐकतात.