किलमार्टिन पहिल्यांदा बघताय? मग आधी हे वाचा

स्कॉटलंडमधलं हे गाव म्हणजे रस्त्याकडेची मूठभर घरं, चर्च आणि संग्रहालय. पण दहा किलोमीटरच्या परिघात ८०० च्या वर प्राचीन अवशेष आहेत, त्यामुळे एका दिवसात सगळं उरकायचा हट्ट नको.

ओबान-लॉकगिल्पहेड बस गावात थांबते. फेऱ्या मोजक्याच, म्हणून परतीची वेळ आधी बघा. सुरुवात संग्रहालयापासून करा. नकाशा डोक्यात बसल्याशिवाय बाहेरचे दगड नुसते दगडच वाटतात. मग दरीतून दक्षिणेकडे चाला. दगडी ढिगाऱ्यांची थडगी एका रांगेत लागतात. त्यातल्या नेदर लार्जी नॉर्थ या थडग्याच्या पोटात शिडीने उतरता येतं. आत शवपेटीच्या शिळेवर कुऱ्हाडी कोरल्या आहेत. टॉर्च समोरून मारलात तर काहीच दिसणार नाही. तो बाजूने, शिळेला जवळजवळ टेकवून धरा, म्हणजे सावली पडते.

अख्नाब्रेक इथल्या खडकावर कोरलेली प्राचीन वर्तुळंही अशीच. भर दुपारी गेलात तर खडक सपाट वाटतो. सकाळी किंवा उतरत्या उन्हात जा. कोरीव भागावर पाय ठेवू नका, खडूने रेघा तर मुळीच नकोत.

दुनाड टेकडी जेमतेम ५४ मीटर, पण ओला खडक घसरडा असतो. वर खडकात कोरलेला दिसतो तो पाऊलठसा ही प्रतिकृती आहे. दाल रियाटा या जुन्या गेलिक राज्याच्या काळातला मूळ दगड तिच्याखाली सुरक्षित आहे.

मे ते सप्टेंबर मिज नावाची चिलटं वारा पडला की तुटून पडतात. डोक्यावरची जाळी घ्याच. छत्री मात्र घरीच ठेवा. मेंढ्यांच्या कुरणाचं फाटक उघडलंत तर लावून घ्या.