राउटरची पॉवर २० डीबीएम, मोबाइलवर मात्र उणे ७२: राउटर बिघडलाय का?

नाही, तुमचा राउटर ठणठणीत आहे. हे दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला आकडा राउटर किती वायफाय सिग्नल सोडतो याचा, दुसरा बेडरूममध्ये तुमच्या मोबाइलपर्यंत किती पोचतं याचा.

डीबीएम हे सिग्नलची ताकद मोजायचं माप. त्यात शून्य म्हणजे १ मिलिवॅट. दर १० ला दसपट, त्यामुळे २० म्हणजे १०० मिलिवॅट. शून्याच्या खालीही तसंच: उणे ७० म्हणजे १ मिलिवॅटचा एक कोटीवा भाग. ऐकून धडकी भरते, पण वायफायचं काम एवढ्याशावरच चालतं. राउटरला मोबाइल टेकवलात तरी आकडा उणेच राहील. उणे ५० झकास, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० च्या पुढे रडारड. तुमचा उणे ७२ काठावरचा आहे.

आता पॉवर वाढवायचं. मलाही आधी तेच सुचलं होतं. पण वायफाय म्हणजे दोघांमधलं बोलणं. राउटरने आवाज चढवला तरी मोबाइलला आपल्या १५-१६ डीबीएममध्येच, म्हणजे ३०-४० मिलिवॅटमध्येच उत्तर द्यावं लागतं. काड्या भरलेल्या दिसतात आणि कॉलवर समोरचा मात्र म्हणतो, "तुझा आवाज तुटतोय."

कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये नेटवाल्याने राउटर हॉलमधल्या टीव्हीमागे, शोकेसच्या कप्प्यात ठेवला होता. आईच्या खोलीत उणे ७४ यायचे. मधे विटांची जाड भिंत, आणि तिला लागून लोखंडी कपाट. आईला बहिणीशी व्हिडिओ कॉल करायला पॅसेजमध्ये स्टूल टाकून बसावं लागायचं, ते मला फार लागायचं. एका रविवारी लांब केबल आणून राउटर पॅसेजमधल्या माळ्याच्या कडेला ठेवला. तिच्या पलंगावर बसून पाहिलं, तर उणे ६१! १३ डीबीचा (दोन डीबीएम आकड्यांमधला फरक डीबीत सांगतात) फरक म्हणजे वीसपट सिग्नल. जागा न बदलता तेवढंच मिळवायचं तर १०० मिलिवॅटचे २ वॅट करावे लागले असते, आणि घरगुती राउटर तेवढं देत नाही.

मोजताना एकदाच बघून ठरवू नका. हातातल्या हातात मोबाइल फिरवला तरी आकडा ४-५ ने हलतो, राउटरकडे पाठ केली की आपलं अंगच मधे येतं. जिथे खरोखर बसता तिथे अर्धा मिनिट थांबा. आणि टक्के दाखवणारं अ‍ॅप नको, डीबीएम दाखवणारं हवं. टक्के जो तो आपापल्या हिशोबाने काढतो.

आकडा उणे ५० असूनही नेट रखडत असेल, तर दुखणं वेगळं. आपल्याकडे सोसायट्यांमध्ये भिंतीला भिंत लागून राउटर, आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे वाटा, तीनच: १, ६ आणि ११. एका चॅनलवर सगळे पाळीची वाट बघत बसतात. तिथे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरा, फक्त ते भिंतीत जास्त अडतं.

तेव्हा आधी राउटर कपाटातून, टीव्हीमागून बाहेर काढा, उंचावर ठेवा, अँटेनाच्या दांड्या उभ्या करा. बेडरूममध्ये उणे ६५ च्या आसपास आला की तिथेच राहू द्या. नाहीच आला तर बेडरूमपर्यंत लॅन केबल ओढून तिथे वायफाय सोडणारा दुसरा डबा, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट लावा.