काय कशाशी, ते सांग

बाळ,

अनेक आशीर्वाद.

खांडसहून गणेश घाटाने एकटीच भीमाशंकरला चढलीस, वाटेत टेकलीस तेव्हा सगळं एकमेकांशी जोडलेलं आहे असं जाणवलं, आणि परतल्यापासून नोकरीत जीव रमत नाही. पत्र दोनदा वाचलं. त्यात खोटं काही नाही. पण काय कशाशी जोडलंय, हे चार पानांत कुठेही सापडलं नाही, आणि मला राग आला तो त्याचा.

रानात उंबर असतीलच. पिकायला आलेलं एक फळ फोडून बघ. आत चिलटाएवढ्या गांधीलमाश्या असतात. मादी टोकाच्या बारीक छिद्रातून आत घुसते. घुसताना तिचे पंख तुटतात. आतल्या फुलांवर पराग पोचवते, तिथेच अंडी घालते आणि तिथेच मरते. त्यातून निघणारे नर बिनपंखांचे. ते माद्यांसाठी बाहेरची वाट कोरतात आणि आतच संपतात. ही माशी नसेल तर उंबराला बी धरत नाही. उंबर नसेल तर माशीचा वंश बुडतो. बाकीचं रान फळावर नसतं तेव्हाही कुठला ना कुठला उंबर लगडलेला असतो. मग त्यावर हरियाल येतात, माकडं येतात, रात्री वटवाघळं. बी त्यांच्या पोटातून रानभर पसरतं.

असं नेमकं सांगता आलं पाहिजे. काय, कशाशी, कुठे.

शेकरूचंच घे. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं, फांदीवरून फांदीवर जातं. मधली मोजकी झाडं रस्त्यासाठी तोडली की नकाशावर रान हिरवंच दिसतं, पण शेकरूसाठी त्याचे दोन तुकडे झालेले असतात. ती झाडं वाचवायला उभं राहायचं तर नेमकी कुठली, हे ठाऊक नको का? नुसतं भारावून जाऊन ते कळत नाही गं!

हिरडा गोळा करणारी एक महादेव कोळी आजी माझ्या ओळखीची होती. कुठलं झाड कधी फळतं, त्यावर कोण येतं, तिला तोंडपाठ. ती गेली आणि निम्मं विचारायचं राहूनच गेलं. ती खंत जात नाही. लोक मला म्हणतात, एकाच डोंगराला चिकटून राहिलात, हिमालय बघितला नाहीत. नाही बघितला. कधीकधी वाईटही वाटतं. तरी पुन्हा निवडायची वेळ आली तर हाच घाट निवडीन, कारण एक डोंगर नीट कळायलाच आयुष्य पुरत नाही.

नोकरी सोडू का, हे आत्ता विचारू नकोस. आधी वर्षभर त्याच वाटेने जा. पावसाळ्यात माथ्यावर पाणी कुठे वळतं ते बघ: पूर्वेकडचं भीमेतून पंढरपूरला जाऊन पुढे बंगालच्या उपसागराला, पश्चिमेकडचं कड्यांवरून कोकणात. शिडी घाटाने, त्या शिड्यांच्या अवघड वाटेने, मात्र एकटीने जायचं नाही, त्यावर वाद नको.

एक उंबर धर, वही कर. कोण आलं, कधी आलं, काय खाल्लं, तारखेसकट लिही. दुर्बीण माझी घेऊन जा. पुढच्या चैत्रात वही घेऊन ये, नोकरीचं तेव्हा बोलू.