घरच्यांची काळजी : बडोद्याहून निघणाऱ्या एकास उत्तर

जर्मनीतली नोकरी पक्की झाल्यापासून तुमच्या आई धड जेवत नाहीत आणि वडील तो विषयच काढू देत नाहीत, तर त्यांची समजूत कशी घालावी, असे तुम्ही रावपुऱ्यातून विचारले आहे. व्हिसा आणि विम्याची माहिती वकिलातीच्या संकेतस्थळावर आहे, ती मी पुन्हा देत नाही. मी 2013 साली दांडिया बाजारातून श्टुटगार्टला आले, आणि तुमचा प्रश्न वाचल्यापासून मला चैन नाही.

समजूत घालायला मीही गेले होते. सयाजीराव महाराजांनी 1913 साली आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले, बडोद्याला परदेश नवा नाही, असे मी वडिलांना, म्हणजे अण्णांना, ऐकवले. ते शाळामास्तर; शांतपणे म्हणाले, "परत येऊन संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला होता त्यांच्याकडून." त्यानंतर मी वाद सोडला आणि फक्त चांगल्या बातम्या द्यायच्या असे ठरवले. ही माझी खरी चूक.

आमच्या विवाहाच्या दाखल्यावर गांधीनगरच्या दोन खेपा घालून अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का आणला होता. इथल्या कचेरीने तो बाजूला सारला, कारण भारत 2005 साली अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला तरी जर्मनीने हरकत घेतल्यामुळे दोन देशांमध्ये तो लागूच होत नाही. त्याऐवजी कागदपत्रांची भारतात पडताळणी निघाली. घरी मात्र मी "सगळे कागद झाले" असे सांगून मोकळी झाले होते. मग एका दुपारी एक गृहस्थ वाड्यात आले, शेजाऱ्यांना माझ्या लग्नाविषयी विचारू लागले, आणि आईला वाटले की पोरीने तिकडे काहीतरी भानगड केली. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

एवढे होऊनही मी शहाणी झाले नाही. इथे चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या शाळांत विभागणी होते. लेक दुसरीत असताना आलेली, तिची जर्मन कच्ची, म्हणून शिक्षिकेने गिम्नाझियमची, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेची, शिफारस केली नाही. आमच्या प्रांतात तेव्हा ती शिफारस बंधनकारक नव्हती, हट्ट धरता आला असता, पण आम्ही मुकाट्याने मान तुकवली, आणि ते मला आजही सलते. अण्णांना मी "चांगली शाळा मिळाली" एवढेच कळवले. सत्तरी ओलांडलेल्या मास्तरांनी शाळेचे नाव धरून सारे शोधून काढले आणि चकार शब्द बोलले नाहीत.

पुढे त्यांच्या हृदयात स्टेंट बसवल्याचे मला पाच महिन्यांनी शेजारच्या काकूंकडून कळले. विचारले तेव्हा म्हणाले, "तुला उगाच काळजी."

एकटेपणाचे म्हणाल तर पहिला हिवाळा सरला की सवय होते. तुम्ही निघण्यापूर्वी त्यांच्याशी एवढेच ठरवा की दुखणे, पैशाची ओढ, कचेरीतला अपमान, जे असेल ते दोन्हीकडून त्याच आठवड्यात सांगायचे. पहिली वाईट बातमी तुम्हीच द्या, मग ती क्षुल्लक असली तरी चालेल. चांगल्या बातम्यांवर त्यांचा विश्वास त्यानंतरच बसेल.

मला हे अजून जमलेले नाही. माझी नोकरी जूनअखेर संपते आहे, आणि गेले तीन रविवार मी अण्णांशी बडोद्याच्या उन्हाविषयी बोलते आहे.