माग चालू असला तरी त्येला ऐकू येतंय

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाईंना स. न. आम्ही वडगावात राहतो. मागल्या खोलीत चार पॉवरलूम आहेत, साड्या निघतात. मालक माग बघतात, मी कांड्यांवर सूत भरते. गेल्या दिवाळीत खानापूर तालुक्यात गावाकडं सासूबाई वारल्या, तेव्हापासून नणंदेचं पोरगं आमच्याकडे आहे. साडेसात वर्षांचं. बापाचा पत्ता नाही. नणंद मडगावला घरकाम करते, महिन्यातून एक रविवार येते, पैसे वेळेवर पाठवते. पोराला जवळच्या कन्नड शाळेत दुसरीला घातलंय. माझी दोन्ही मुलं तिथंच शिकली.

दोन-तीन महिने झाले, ते एकटंच बोलत बसतं. कुणाशी रे, म्हटलं तर म्हणे धोटेमॅन. मागात आडवं सूत घेऊन धोटा कसा जातो, तसा तो या भिंतीतून त्या भिंतीत जातो म्हणे. अंगात उरलेल्या सुताचा झगा, रोज वेगळा रंग. त्याच्यासाठी अर्धी भाकरी खिडकीत ठेवतं, मुंग्या लागतात. शाळेच्या बाईंनीही बोलावून सांगितलं, शेजारी कुणी नसताना कुजबुजतो. घरी आल्यावर विचारलं तर म्हणालं, “धोटेमॅनला कन्नड येतंय. बाई काय म्हणाल्या ते तो मला सांगतोय.”

मागच्या महिन्यात दोन दिवस ताप होता, मला कळलंच नाही. माझ्या मुलीनं हात लावून बघितला. मी ओरडले, सांगायला काय झालं होतं? तर म्हणतंय, “सांगितलो होतो मामी. माग चालू होता की. धोटेमॅनला ऐकू आलं. माग चालू असला तरी त्येला ऐकू येतंय.”

मालक म्हणतात खूळ लागलंय. धोटेमॅनचं नाव काढलं की एक ठेवून देतात. शेजारीण म्हणते बाहेरचं असेल, अंगारा लाव. खोटं कशाला लिहू, मुलगी दहावीला, ऑर्डरची गडबड, माझं त्याच्याकडे लक्ष कमीच असतं. पण खायला-ल्यायला काही कमी केलेलं नाही. डॉक्टरकडे न्यावं काय?
– एक मामी, वडगाव, बेळगाव

उत्तर : मामी, पत्रांतली मुलांची नावं आम्ही छापताना काढून टाकतो. तुमच्या पत्रात काढायला नावच नव्हतं. ‘पोरगं’, ‘ते’, ‘नणंदेचं’. धोटेमॅनचं मात्र चार वेळा आलंय. टोचून बोलते असं वाटेल. पण लक्ष कमी असतं हे तुम्हीच लिहिलंत, आणि स्वतःबद्दल इतकं सरळ लिहिणारी पत्रं मला फार येत नाहीत, म्हणून मीही सरळच लिहिते.

अंगारा नको. आणि मालकांना सांगा, हात उचलणं आजपासून बंद. हे खूळ नव्हे. अमेरिकेतल्या मार्जोरी टेलर आणि स्टेफनी कार्लसन या मानसशास्त्रज्ञांचा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यातल्या ६५ टक्के मुलांना सात वर्षांचं होईपर्यंत कधी ना कधी असा मनातला सवंगडी होता. लाडात वाढणाऱ्या मुलांनाही असतो. तो खरा नाही हे बहुतेकांना पक्कं ठाऊक असतं. जवळ घेऊन विचारलंत तर तुमचा भाचाही सांगेल, खोटा-खोटा आहे म्हणून.

मला त्याच्या सवंगड्यापेक्षा त्याची शक्ती बघून कसंतरी झालं. टीव्हीतले वीर डोंगर उचलतात, आगगाड्या अडवतात. या पोराला वाटेल ती शक्ती देता आली असती, आणि त्यानं दिली काय, तर कान! मी दोन वर्षं शहापुरात मागाच्या भिंतीला भिंत लावून राहिले आहे. लाइट गेली की एकदम घड्याळाची टिकटिक ऐकू यायची आणि कळायचं, अरे, घड्याळ चालू होतं की. तसल्या खडखडाटात दोन दिवस तापलेलं पोर तुम्हाला सांगून गेलं, तुमचे हात कांडीवर. शाळेत गेलं तर तिथली भाषा कळत नाही, म्हणून धोटेमॅनला कन्नड येतं. जेवताना शेजारी कुणी नाही, म्हणून अर्धी भाकरी त्याची.

आणि सासूबाई वारल्या हे तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलंत. तुमच्या त्या सासूबाई होत्या. त्याचं तेच घर होतं, तीच भाषा, तीच कूस. गावच्या ट्रंकेत त्यांची गोधडी असेल तर पुढच्या खेपेला घेऊन या.

मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. चौथीत एक मुलगी बाकावर दप्तर सरकवून शेजारची जागा कायम धरून ठेवायची. एकदा मी तिथं दुसरीला बसवलं आणि वर्गादेखत म्हटलं, “कुठाय गं तुझी ती? दिसत नाही ती!” वर्ग खो-खो हसला. मीही हसले. त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी आपणहून बोलली नाही. हजेरीला ‘हजर’ म्हणायची, तेवढंच. जागा कुणाची आहे हे मी तिला कधी विचारलं नाही, ते अजून खातं.

तेव्हा धोटेमॅनला हाकलू नका. पण त्याला हाताशीही धरू नका. ‘दूध पी, नाहीतर धोटेमॅन रागावेल’ असं एकदा जरी म्हणालात, तर त्याचा एकुलता एक माणूस तुम्ही फितवलात म्हणून समजा.

शाळेतून तो आला की पंधरा मिनिटं कांडी बंद. त्यात किती कांड्या बुडतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, तरी सांगते. रात्री त्याचं ताट तुमच्या ताटाला लावून. आणि एक ठरवून टाका : माग चालू असला तर हाक मारायची नाही, येऊन पदर ओढायचा. पदर ओढला की तुम्ही बंद करायचं, काम कितीही अडलेलं असो. सुरुवातीला तो उगीचच ओढून बघेल. ओढू दे. नणंदेला म्हणावं, फोनची वेळ ठरव आणि चुकवू नको. पैसे वेळेवर येतात, तसा आवाजही यावा.

शाळेचं म्हणाल तर दहावीची ताई रोज दहा वाक्यं कन्नड शिकवू शकते, तिच्याही डोक्याला विसावा. तेवढ्यानं भागलं नाही तर जूनमध्ये मराठी शाळेत घाला. यात मानपानाचं काही नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो केव्हा सुटायचा तेव्हा सुटेल. याचा जूनच्या आत सुटायला हवा.

डॉक्टर आज नको. पण धोटेमॅन त्याला घाबरवायला लागला, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा कर असं सांगायला लागला, झोप-जेवण सुटलं, किंवा दुसरी मुलं खेळायला बोलावत असताना तो जाईनासाच झाला, तर थांबू नका. बेळगावच्या सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. नुसतं विचारायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

दोन महिन्यांनी मला पुन्हा लिहा. कोणत्या रंगाचा झगा होता तेही विचारून लिहा, मला खरंच उत्सुकता आहे. आणि पोराचं नाव लिहा. छापणार नाही.