बूथवर बसू पाहणाऱ्या पोट्ट्यास

प्रिय बाबू,

तुझं पत्र वाचलं. विदर्भानं तिसऱ्यांदा रणजी जिंकली तेव्हा पानठेल्यावर फटाके फोडणारे सगळे 'तिकडचे' होते, म्हणून तू घरातच बसून राहिलास, असं लिहितोस. अख्ख्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. पार्टीचा राग मला समजतो. माझाही आहे, आणि आपण दोघं एकाच बाजूचे हे गावात कोणापासून लपलेलं नाही. पण त्या रागापायी टीमच सोडून द्यायची, हे काही मला पटत नाही.

टीमवर जीव जडायला कारण लागत नाही. विदर्भ रणजीत उतरला १९५७-५८ च्या हंगामात, आणि पहिला चषक आला तो १ जानेवारी २०१८ ला, इंदूरला दिल्लीला हरवून. मधली साठ वर्षं आमच्यासारखे लोक पेपरात खेळाच्या पानाच्या कोपऱ्यात, बारीक टाइपात विदर्भाचा स्कोअर शोधायचे. बहुतेक वेळा हरल्याचंच वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधायचे. पार्टीसाठी असं कधी करू नको. पार्टी तुझी कोणी लागत नाही. तिनं काम केलं तर मत, नाही केलं तर पुढच्या वेळी विचार, एवढाच व्यवहार ठेव. आपल्याकडे लोक नेमकं उलटं करतात. टीम दोन मॅच हरली की खेळाडूंना शिव्या घालतात, आणि पार्टीनं वीस वर्षं फसवलं तरी दुपट्टा खाली ठेवत नाहीत.

इंदूरच्या त्या फायनलचा कॅप्टन फैज फजल, कोच मुंबईचे चंद्रकांत पंडित, बॅटिंगला मुंबईहून आलेला वसीम जाफर, आणि हॅटट्रिक घेतली रजनीश गुरबानीनं. दिवसभर मोबाइलवर नको नको ते फॉरवर्ड करणारी माणसं त्या दिवशी 'आपला फैज' म्हणत होती. ती ढोंगी आहेत असं तू म्हणशील. मला तसं वाटत नाही. माणूस चोवीस तास पार्टीचा नसतो. ज्याच्याशी उद्या मतांवरून भांडायचं त्याच्या शेजारी आज बसता येईल अशी एखादी तरी जागा गावात शिल्लक पाहिजे. तीच तू सोडून आलास.

आता पक्षांतराबद्दल तू जे तावातावानं लिहिलंस त्याकडे येतो. २०२५ ची नागपूरची फायनल आठव. समोर केरळ, आणि केरळकडून ७९ रन काढून आपल्याला घाम फोडणारा कोण? आदित्य सरवटे. २०१९ मध्ये सौराष्ट्राविरुद्धच्या फायनलमध्ये अकरा विकेट काढून ज्यानं आपल्याला चषक मिळवून दिला, तोच. सामना ड्रॉ झाला, पहिल्या डावात आपली ३७ रनांची आघाडी होती म्हणून चषक आपला. त्या आघाडीत सरवटेच्या ७९ रनांची धास्ती किती होती ते आम्हाला विचार. तरी त्याला कोणी गद्दार म्हटलं नाही. तो हंगाम सुरू व्हायच्या आधी रीतसर गेला होता. आपले आमदार चालू डावात जातात, तेही तुझ्या-माझ्या बोटाच्या शाईवर मिळालेले रन सोबत घेऊन. १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, आणि त्याला बगल कशी द्यायची ते आता सगळ्यांना पाठ झालंय. तुझा राग रास्तच आहे. फक्त तो आपल्याकडे येणाऱ्यांवरही तेवढाच काढ. मागच्या वर्षी तिकडून एक जण आपल्याकडे आला तेव्हा हार घेऊन पुढे कोण होतं, ते मला माहीत आहे.

आणि आता मशीन. नोव्हेंबर २०२४ चा निकाल लागला त्या संध्याकाळी तू घरी आला होतास, 'सर, मशीननंच हाणलं आपल्याले' म्हणत. त्याच वर्षी जूनमध्ये लोकसभेला ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीच्या आल्या होत्या. विदर्भातल्या दहापैकी सात. तेव्हा मशीनबद्दल तुझ्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. विधानसभेला महायुतीचे तिन्ही पक्ष मिळून २३० वर गेले आणि मशीन वाईट झाली. अंपायरनं आपल्याकडून निर्णय दिला की तो बरोबर, उलट दिला की विकला गेलेला, असं म्हणणाऱ्या पोराला मी पी.टी.च्या तासाला ग्राउंडाबाहेर बसवत असे. शंका घ्यायला माझी हरकत नाही. पण शंका घ्यायची तर काम करून घे.

ते काम काय, ते सांगतो. लोकसभा-विधानसभेला उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी म्हणून बूथवर बस. मतदान सुरू होण्याआधी सकाळी अभिरूप मतदान होतं, निदान पन्नास मतं टाकून मशीन तपासतात. त्या वेळी हजर राहा, चहाला बाहेर पडू नको. मशीनला जोडलेल्या व्हीव्हीपॅटच्या खिडकीत, मत कोणाला गेलं ते सांगणारी चिठ्ठी मतदाराला सात सेकंद दिसते. म्हाताऱ्या बायांना हे आधीच घरोघरी जाऊन सांग, नाहीतर त्या बटण दाबून लगेच वळतात. आणि संध्याकाळी केंद्राध्यक्षाकडून फॉर्म १७-सी ची प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही. त्या बूथवर एकूण किती मतं पडली ते त्या कागदावर असतं. मोजणीच्या दिवशी तोच आकडा मशीनच्या आकड्याशी ताडून पाहायचा. जुळला नाही तर बोंब मारायला हातात कागद असेल. आपले अर्धे पोट्टे दुपारी चार वाजताच जेवणाच्या पंगतीला गेलेले असतात, कागद कोण घेतो? आणि मग निकालानंतर मोर्चा.

भंडाऱ्याचा किस्सा तुला माहीत नसेल. १९५४ मध्ये तिथं लोकसभेची पोटनिवडणूक झाली, दोन जागांचा मतदारसंघ, प्रत्येकाला दोन मतं. राखीव जागेवर बाबासाहेब आंबेडकर उभे होते. एक मत बाबासाहेबांना द्या आणि दुसरं कुजवा, म्हणजे आपली सीट निघते, असा हिशोब काही कार्यकर्त्यांनी मांडला होता म्हणतात. बाबासाहेबांनी नकार दिला. संविधान ज्यानं लिहिलं त्यानंच लोकांना मत वाया घालवायला कसं सांगायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते पडले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब मुंबईत १९५२ ला पडले, भंडाऱ्यात १९५४ ला पडले. आपल्या भागातले जुने लोक हे सांगताना अजून हळहळतात. मीही हळहळतो, आणि तरी मत कुजवा असं त्यांनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला एकदाही वाटलं नाही.

हे तुला सांगायचं कारण, या वेळी पॅनलवाल्यांनी तुझ्याकडे पाकिटं वाटायचं काम दिलंय, अशी कुणकुण माझ्या कानावर आली आहे. 'तिकडचे वाटतात, आपण नाही वाटलं तर पडू' हे वाक्य मला आधीच ऐकू येतंय. पडा. रात्री वाटलेल्या पाकिटावर निवडून आलेला आपला माणूस सकाळपासून आपला राहत नाही, त्यानं पाकिटात घातलेलं आधी वसूल करायचं असतं.

तुझ्या जुन्या कबड्डीच्या जोडीदाराबद्दल. विधानसभेपासून बोलणं बंद आहे म्हणतोस. त्याच्या वावरात सोयाबीन, तुझ्या वावरात सोयाबीन. त्या निवडणुकीच्या वेळी हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये आणि प्रचारात एकीकडून सहा हजार, दुसरीकडून सात हजार असे आकडे उडत होते. बाजारात तुम्हा दोघांच्या हाती हमीभावही पडला नाही. पण ठेल्यावर कोणी विचारलं की 'सोयाबीनच्या भावाचं काय हो भाऊ?', तर उत्तर येतं, 'तू कोन्या पार्टीचा बे?' दोघं मिळून बाजार समितीत गेला असता तर सचिवाला निदान उठून बोलावं लागलं असतं. बोलणं सुरू करायला निवडणुकीचा विषय काढू नको. आपण तिसऱ्यांदा रणजी जिंकलो त्या हंगामात आपल्या यश राठोडनं सगळ्यांपेक्षा जास्त रन काढले की हर्ष दुबेच्या ६९ विकेट जास्त भारी, एवढंच विचार. हर्ष दुबेचा तो एका हंगामातला विक्रम आहे, त्यामुळे भांडण रंगेल.

दिवाळीनंतर आपले कबड्डीचे खुले सामने आहेत, त्याची पावती पुस्तकं छापायला टाकायची आहेत. बनियनवर पाठीमागे एका नेत्याचा फोटो छापायचा आणि त्या बदल्यात पहिलं बक्षीस त्यांच्याकडून घ्यायचं, असा ठराव मंडळाच्या मीटिंगीत येणार आहे. मागच्या खेपेला फोटो एवढा मोठा होता की नंबर कमरेखाली गेला आणि मला शिट्टी तोंडात धरून खेळाडू ओळखावे लागले. ठराव आपल्याच बाजूच्या नेत्याचा आहे. रविवारी संध्याकाळी सात वाजता शाळेच्या वऱ्हांड्यात मीटिंग आहे. मी विरोधात बोलणार आहे. तू कोणत्या बाजूला हात वर करतोस ते आधी कळव, म्हणजे माझ्याकडे किती मतं आहेत ते मोजता येईल.

तुझा,
पी.टी.चा सर