व्हीडीआय घ्यावे का आणि कोणते?

प्रश्न : नाशिक येथे आमचे सनदी लेखापालांचे कार्यालय आहे. एकूण 35 जण काम करतात आणि त्यांपैकी 12 जण घरून काम करतात. टॅली, एक्सेल आणि विवरणपत्रांचे सॉफ्टवेअर यांवरच आमचे सारे काम चालते. अशिलांच्या फाइली कर्मचाऱ्यांच्या घरच्या लॅपटॉपवर साठत असल्याने आम्हाला काळजी वाटते. एका विक्रेत्याने व्हीडीआय बसवण्याचा सल्ला देऊन सिट्रिक्स, व्हीएमवेअर आणि मायक्रोसॉफ्ट अशी तीन नावे सुचवली आहेत. हे नेमके काय असते, आणि आम्ही कोणते घ्यावे?

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. व्हीडीआय म्हणजे व्हर्च्युअल डेस्कटॉप इन्फ्रास्ट्रक्चर. यात विंडोज आणि त्यावरील सर्व सॉफ्टवेअर सर्व्हरवर चालते, कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवर केवळ पडद्याचे चित्र येते आणि त्याच्या कळफलकाचे व माउसचे संकेत उलट दिशेने जातात. लॅपटॉप चोरीला गेला तरी अशिलाची फाइल त्यासोबत जात नाही. मात्र घरच्या लॅपटॉपवर कॉपी-पेस्ट करण्याची व त्याची ड्राइव्ह जोडण्याची मुभा बंद केली नाही, तर हा लाभ कागदावरच राहतो.

विक्रेत्याने बहुधा न सांगितलेला एक भेद येथे महत्त्वाचा आहे. खऱ्या व्हीडीआयमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र आभासी संगणक मिळतो, त्यामुळे प्रत्येकासाठी वेगळी मेमरी आणि साठवण लागते, आणि सकाळी सर्वांनी एकदम काम सुरू केले की साठवणीवर मोठा ताण येतो. दुसऱ्या पद्धतीत एकाच विंडोजवर अनेक जण आपापल्या सत्रात काम करतात. सर्वांचे सॉफ्टवेअर सारखेच असलेल्या आपल्यासारख्या कार्यालयाला ही दुसरी पद्धत पुरेशी आहे आणि ती बरीच स्वस्त पडते.

सिट्रिक्स ही 1989 पासूनची कंपनी असून तिचे तंत्र कमकुवत इंटरनेट जोडणीवरही चांगले चालते. परंतु ते सांभाळायला जाणकार माणूस कायम हाताशी लागतो, म्हणून ते शेकडो-हजारो कर्मचाऱ्यांच्या बँका आणि कंपन्यांना शोभते. व्हीएमवेअरचे होरायझन हे व्हीडीआय सॉफ्टवेअर त्याच तोलाचे आहे. मात्र 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतल्यानंतर होरायझनचा विभाग वेगळा झाला आणि 2024 पासून तो ओम्निसा या नावाने काम करतो. विक्रेत्याच्या कोटेशनवर अजूनही व्हीएमवेअरचे नाव असेल, तर परवाना आणि पुढील साहाय्य कोणाकडून मिळणार, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे.

मायक्रोसॉफ्टचे ॲझ्युर व्हर्च्युअल डेस्कटॉप 2019 मध्ये आले आणि त्याला हे नाव 2021 मध्ये मिळाले. एकाच विंडोज 11 वर अनेकांची सत्रे चालवण्याची सोय त्यात आहे, ते मायक्रोसॉफ्टच्या डेटा सेंटरमधील सर्व्हरवर चालते व असे एक केंद्र पुण्यात आहे, आणि आपल्याकडे मायक्रोसॉफ्ट 365 बिझनेस प्रीमियम ही वर्गणी असेल तर ॲझ्युर व्हर्च्युअल डेस्कटॉपसाठी लागणारा विंडोजचा परवाना तिच्यातच मिळतो. सर्व्हरचे भाडे वापरानुसार लागते, त्यामुळे रात्री यंत्रे आपोआप बंद होतील अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करून घ्यावी. मायक्रोसॉफ्टच्याच विंडोज 365 या दुसऱ्या सेवेत प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र ठरावीक मासिक दराने मिळते; ते सांभाळायला सोपे आहे, पण 12 जणांसाठी 12 यंत्रांचे पैसे मोजावे लागतात. पुण्याच्या ॲकॉप्स कंपनीचे हायवर्क्स हे याच प्रकारचे सॉफ्टवेअरही पाहण्यासारखे आहे.

माझे मत असे, की घरून काम करणाऱ्या 12 जणांसाठी ॲझ्युर व्हर्च्युअल डेस्कटॉपपासून सुरुवात करावी. टॅलीचा डेटाही तिथेच ठेवावा, कारण डेस्कटॉप पुण्यात आणि डेटा नाशिकच्या कार्यालयात असा प्रकार झाला तर प्रत्येक नोंदीला ताटकळावे लागेल. कार्यालयातील 23 जणांनाही मग तोच डेटा तिथूनच वापरावा लागेल, हे खर्चात धरावे. टॅलीचा परवाना एकाहून अधिक वापरकर्त्यांचा आहे ना, हेही तपासावे. कार्यालयातच सर्व्हर ठेवायचे ठरवल्यास रिमोट डेस्कटॉपचा (दुरून संगणक वापरण्याच्या विंडोजच्या सोयीचा) 3389 हा पोर्ट, म्हणजे जोडणीचे प्रवेशद्वार, इंटरनेटवर कधीही थेट उघडू नये, कारण खंडणीखोर टोळ्या असे उघडे पोर्ट सतत शोधत असतात.

लेखापालांच्या कार्यालयात खरी अडचण येते ती डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनची, म्हणजे स्वाक्षरी साठवलेल्या यूएसबी उपकरणाची. सर्व्हरला जोडलेले टोकन दूरच्या सत्रात सहसा दिसत नाही, कारण विंडोज ते वापरकर्त्याच्या जवळच्या संगणकावर शोधते. म्हणून टोकन स्वाक्षरी करणाऱ्या भागीदाराच्याच लॅपटॉपला लावावे लागते आणि त्याचा ड्रायव्हर दोन्हीकडे बसवावा लागतो. शिवाय शासकीय संकेतस्थळांसाठी लागणारी स्वाक्षरीची छोटी सॉफ्टवेअरे एकाच यंत्रावर एकाच वेळी दोघांना चालतीलच असे नाही. त्यामुळे आधी पाच जणांवर महिनाभर चाचणी घ्यावी, त्यात जीएसटी विवरणपत्राची 20 तारीख यावी, आणि स्वाक्षरी, छपाई व स्कॅनिंग ही तिन्ही कामे त्या गर्दीच्या दिवशी सुरळीत झाली तरच उरलेल्यांसाठी करार करावा.